मागच्या मालकाची वायर

माणसाने जुनी मोटार घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नावर समाजात दोन पक्ष आहेत. ज्यांनी घेतलेली नाही ते म्हणतात, जरूर घ्यावी. ज्यांनी घेतली आहे ते दुसऱ्या पक्षात असतात. फक्त आपली विकायला काढली की तेवढ्यापुरते पहिल्या पक्षात येतात. मी 1984 सालची एक प्रीमियर पद्मिनी बाळगून आहे आणि ती विकायची नाही, तेव्हा माझे मत निःपक्षपाती समजायला हरकत नाही. माझे मत असे, की जुनी मोटार घेणे म्हणजे खरेदी नव्हेच, ते दत्तक जाणे आहे. वाडा मिळतो, पण त्या वाड्याची देणी, भाऊबंदकी आणि कोनाड्यातले पिढ्यान्‌पिढ्या न उघडलेले डबेही पदरात पडतात.

आर. सी. बुकात मागच्या मालकाचे फक्त नाव असते. त्याचे चरित्र डॅशबोर्डच्या खाली लिहिलेले असते. ते वाचायचे तर डोके क्लचपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर, असे शीर्षासन आणि शवासन यांच्या मधले एक आसन घालावे लागते. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असल्यामुळे निदान मधून गिअरची काठी पोटात तरी घुसत नाही, एवढेच सुख. त्या अवस्थेत बॅटरी लावून वर पाहिले, तर बेगम बाजारातल्या दोऱ्याच्या दुकानात उंदीर शिरावा तसा देखावा होता. तांबडी वायर मध्येच निळी होत होती, निळीला पुढे घरातल्या दिव्याची पांढरी वायर जोडलेली होती आणि सगळ्या जोडांवर काळ्या चिकटपट्टीचे मुंडासे होते. चोकची तार कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवली होती. बाहेर डाव्या दारावर लांबी इतक्या उदारपणे भरलेली, की लोहचुंबक लावला तर तो शरमून खाली पडे.

हे सगळे विनोदी होते. फ्यूजची पेटी उघडली तेव्हा मात्र हसू आटोपते घ्यावे लागले.

या गाड्यांत चिनी मातीच्या छोट्या दांडीचे फ्यूज असतात. पांढरा 8 अँपिअरचा, तांबडा 16 चा. फ्यूज हा मोटारीतला बाजीप्रभू. खिंडीत आपण पडावे आणि बाकीच्यांना गडावर सुखरूप जाऊ द्यावे, हेच त्याचे काम. आमच्या पेटीत दोन ठिकाणी बाजीप्रभूंच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी सुरळी करून उभी केलेली होती. ती काही लवकर पडणार नव्हती. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची, हात लावला तरी माणसाला झटका बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण वायर घासून पत्र्याला टेकली की तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज नसेल तर मग वायरच फ्यूज होते, आणि ती सीटखालून गेलेली असते. पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीवरून ठेवले, आणि त्या राणीच्या जोहाराची कथा काव्यात आणि दंतकथेत प्रसिद्ध आहे. आमची पद्मिनी त्याच तयारीत उभी होती.

हिने मागच्या मालकाचा उद्धार सुरू केला. तो काही वेळ चालू दिला. पण नंतर विचार आला, की हा गृहस्थ काही वेडा नव्हता. गाडी त्याने किती वर्षे चालवली! मग त्याने असे का केले? आणि या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला थेट कुर्ल्याला जावे लागते.

वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीशी करार करून गाड्या जोडल्या जात. मग 1953 साली टॅरिफ कमिशनने सांगितले, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा, इथे गाडी बनवायची असेल त्यानेच राहावे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1954 साली बंद झाला, फोर्डही गेली. त्याच सुमारास कुर्ल्यात इटलीच्या फियाट 1100 ची पाळी सुरू झाली. वालचंद स्वतः 1953 सालीच वारले होते. पहिली फियाट आपण प्रेमाने ‘डुक्कर’ म्हणत असू. तिची पुढची दारे उलटी उघडत, त्यामुळे नऊवारीतल्या बाईलाही उतरताना अवघड वाटत नसे. मग 1964 साली ‘डिलाइट’ आली, आणि 1974 च्या सुमारास इटालियन नाव जाऊन आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. नाव बदलले, गाडी तीच. इंजिन तेच 1089 सी. सी. चे. सासरी नाव बदललेल्या मुलीसारखी, स्वभाव माहेरचाच.

किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर अवलंबून, आणि मध्यंतरी काही वर्षे कितीला विकायच्या हेही सरकार ठरवी. गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. नंबर लागला की त्याच्या कागदालाच ‘ऑन’ मिळे. अशी मिळालेली वस्तू मनुष्य टाकून देत नाही. पार्ट मिळाला नाही तर तो दुसरा पार्ट वाकवून बसवतो. मारुती पहिल्यांदा रस्त्यावर आली 14 डिसेंबर 1983 ला. आमची पद्मिनी जन्मली तेव्हा त्याला पुरते वर्षही झाले नव्हते. म्हणजे तो चिमटा, ती लांबी, ती काळी पट्टी, हा एकट्या माणसाचा अजागळपणा नव्हता. टंचाईत वाढलेल्या अख्ख्या मध्यमवर्गाची ती हस्तकला होती. आपल्या आईने स्वेटर उसवून त्याच लोकरीचा दुसरा विणला नव्हता का?

एवढे पटले तरी स्टिरिओच्या वायरींचे कोडे उरतेच. कारण ती टंचाई नव्हे, ती हौस.

मोटारीत गाणे आणण्याची हौस जुनी. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांनी मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ म्हटले, तेच पुढे कंपनीचे नाव झाले. आपल्याकडे रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. गाडीला एक परवाना, गाण्याला दुसरा. 1963 साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट दाखवली, आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे कॅसेट इतकी स्वस्त झाली, की लग्नात आहेर म्हणून येऊ लागली. मग आखातातून येणाऱ्या प्रत्येक भाच्याने मामासाठी एक ‘टेप’ आणला. पुढे सी. डी. आली, डिकीत अँप्लिफायरचे खोके आले, मागच्या फळीवर दुधाच्या पातेल्याएवढे दोन स्पीकर आले. गंमत अशी, की नवे यंत्र आले तरी जुन्याच्या वायरी कोणी काढत नाही. वाड्यात जशी न्हाणीघरातली बंद पडलेली नळाची तोटी राहते, तशा त्या राहतात. आमच्या डॅशबोर्डखाली संगीताच्या चार राजवटी एकावर एक गाडलेल्या होत्या.

परिणाम असे, की ब्रेक दाबला की भीमसेन थांबत. इंडिकेटर लावला की तबल्याला नसलेली टिकटिक साथ मिळे.

मी नाना पेठेतून एका वयस्कर वायरिंगवाल्यांना घेऊन आलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी दहा मिनिटे नुसते पाहिले आणि म्हणाले, “साहेब, वायर कुठून आली ते नका विचारू. ती परत कशी जाते ते बघा.”

सगळे रहस्य या एका वाक्यात आहे. मोटारीत वीज वायरीने जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. याला हे लोक ‘अर्थ’ म्हणतात, आणि अर्थ नसला की संसारात होते तेच मोटारीत होते. डिकीतल्या एकाच गंजक्या स्क्रूखाली मागच्या दिव्यांची आणि अँप्लिफायरची अर्थ दाबलेली होती. ब्रेकचा दिवा लागला की त्या चिंचोळ्या वाटेत गर्दी होई आणि पंडितजींना थांबावे लागे. उस्तादांनी पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, दोघांना वेगवेगळे स्क्रू दिले. बॅटरीपासून एक जाड वायर काढली आणि बॅटरीच्या शेजारीच तिला फ्यूज दिला. फ्यूज टेपपाशी बसवला तर मधली वायर निराधार राहते, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. प्रत्येक स्पीकरला दोन-दोन वायरी थेट टेपपासून, एकही पत्र्याला नाही. जोड सगळे डाग देऊन. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराची चकती. जुन्या वायरी निघाल्या त्या भाजीची पिशवी भरून.

शेवटी एक तांबडी वायर उरली. ती मागच्या सीटपर्यंत जाऊन खिडकीच्या वर संपत होती. तिच्या टोकाला कागदाचा चिटोरा चिकटवलेला, त्यावर बॉलपेनने सुबक अक्षरात लिहिले होते: “पंखा. आईसाठी.”

पंखा नव्हता. दोन भोके होती.

उस्तादांनी पक्कड उचलली, माझ्याकडे पाहिले आणि ठेवली. “काढू?” म्हणाले. ही नेमकी चहा घेऊन आली होती. सकाळपासून मागच्या मालकाचे पूर्वज काढणाऱ्या हिने तो चिटोरा वाचला आणि म्हणाली, “राहू दे. फ्यूज मात्र लावा हो त्याला.”

तेव्हापासून मी जुन्या दुरुस्त्यांचे दोन ढीग करतो. चिमटा, ठिगळ, उसनी वायर, ही माफ; ती गरजेची होती. सिगारेटची चांदी माफ नाही. खरा फ्यूज त्या वेळीही बाजारात मिळत होता आणि मागच्या सीटवर, बहुधा त्याच पंख्याखाली, याची आई बसलेली असे.

पद्मिनीचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमची अजून चालते. ब्रेक दाबला तरी भीमसेन थांबत नाहीत. मी प्रत्येक नव्या वायरीला चिठ्ठी लावून ठेवली आहे, आणि पंख्याच्या वायरीवरचा जुना चिटोरा पारदर्शक पट्टीखाली जपला आहे. पुढचा मालक डोके क्लचपाशी घालून शिव्या द्यायला लागेल, तेव्हा निदान कोणाला काय द्यायची हे त्याला कळावे.