रुग्णालयांतील हिंसाचार : प्रतिबंध व व्यवस्थापन

डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकाचालक आदींना कामावर असताना होणारी शिवीगाळ, धमकी, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, तसेच रुग्णालयाची तोडफोड. हल्लेखोर बहुधा रुग्णाचे नातेवाईक असतात, क्वचित सहकारीही.

कारणे : अपघात विभागात, अतिदक्षता विभागात व रात्रपाळीत धोका अधिक. अपुरी खाटसंख्या, ताटकळणे, अनपेक्षित मृत्यू, बिलावरून वाद आणि नातेवाइकांना वेळेवर माहिती न मिळणे यांतून संताप भडकतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात, डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अन्यत्र नेण्यास सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि शासकीय रुग्णालयांत सशस्त्र सुरक्षारक्षक नेमले गेले.

कायदा : महाराष्ट्राच्या २०१० च्या अधिनियमानुसार असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून, ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोडलेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. हेळसांडीच्या तक्रारी ऐकून रुग्णपक्षाला सल्ला देणाऱ्या प्राधिकरणाची तरतूदही याच अधिनियमात आहे. कोविडकाळात, २०२० मध्ये, केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून गंभीर दुखापतीसाठी ७ वर्षांपर्यंत कारावास ठरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कर्तव्यावरील महिला डॉक्टरवर बलात्कार व तिची हत्या झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. हल्ल्यानंतर सहा तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही बजावले.

उपाय : रुग्णासोबतच्या नातेवाइकांसाठी पास, सीसीटीव्ही, पुरेसा उजेड, सुरक्षित विश्रांतिकक्ष व पोलीस चौकी हे नेहमीचे उपाय. प्रकृती खालावत असल्याची कल्पना टप्प्याटप्प्याने देणे आणि मृत्यूची वार्ता वरिष्ठ डॉक्टरने बाजूला बसवून सांगणे यांनी उद्रेक टळू शकतो. आवाज चढला, की एकट्याने वाद न घालता सहकाऱ्यांना बोलवावे व बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. घटनेनंतर जखमीवर उपचार, चित्रीकरण जपणे, पोलिसांत तक्रार व समुपदेशन या संस्थेच्या जबाबदाऱ्या होत; फिर्यादीचा भार एकट्या पीडितावर टाकू नये.

मर्यादा : शिक्षेची तरतूद हल्ल्यानंतर उपयोगी पडते; पण गर्दी, मनुष्यबळाची चणचण आणि दाद मागण्याच्या सोप्या वाटेचा अभाव तिने दूर होत नाही. म्हणून सुरक्षारक्षकांइतकीच विश्वासार्ह तक्रारनिवारण यंत्रणाही प्रतिबंधाचा भाग ठरते.