कृपेचे माहेर करिंथ

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचा थोरला भाऊ करिंथ शहरात न्यायासनावर बसला होता आणि त्याच्यापुढे आरोपी म्हणून संत पौलाला उभे केले होते. बायबल वाचणारे या भावाला गल्लियो म्हणून ओळखतात, सेनेका वाचणारे नोव्हातुस म्हणून. दत्तक गेल्यावर त्याचे नाव बदलले एवढेच. ही दोन नावे एकाच माणसाची, हे मला कळले तेव्हापासून ख्रिस्ती धर्मातल्या कृपेची कुळकथा मी याच टोकाने सांगतो. एका भावाने उपकार कसे करावेत आणि ते कसे फेडावेत यावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या भावासमोर जो उभा होता, त्याने फेडीच्या त्या सगळ्या व्यवहारालाच सुरुंग लावला.

भेट खरी होती, आणि तिचा काळही ठरवता येतो. डेल्फी येथे सम्राट क्लौद्याच्या एका पत्राचे दगडी तुकडे मिळाले. त्यांतले पहिले 1905 मध्ये प्रसिद्ध झाले. ओस पडत चाललेल्या डेल्फीत वस्ती वाढवण्याचा विषय चालू असताना सम्राट आपला मित्र आणि अखयाचा प्रांताधिकारी गल्लियो याचा उल्लेख करतो. त्यावरून गल्लियोची कारकीर्द इ.स. 51-52 च्या आसपासची ठरते. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा अभ्यासक याच खुंटीला टांगतात. खटला मात्र चाललाच नाही. हा शब्दांचा, नावांचा आणि तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तो तुमचा तुम्ही पाहा, अशा अर्थाचे बोलून गल्लियोने सर्वांना घालवून दिले. ते शब्द कोणते, हे 'प्रेषितांची कृत्ये' सांगत नाही. त्यांत 'खारिस' हा एक असणार, असे मी धरून चालतो.

खारिस म्हणजे ग्रीक भाषेतली कृपा. हा शब्द देवळात जन्मलेला नाही. नगराला धान्य पुरवणारा, नाट्यगृह बांधून देणारा धनिक जे करी ते खारिस. नगर त्याचा पुतळा उभारून जे परत करी तेही खारिस, आणि तोंडाने मानलेले आभारही खारिसच. देणे, घेणे आणि फेडणे यांत भाषेने भिंतच ठेवली नव्हती. खारिसदेवींचे देऊळ गावात भर वस्तीत का असते, तर लोकांना परतफेडीची आठवण राहावी म्हणून, असे ॲरिस्टॉटल सांगतो. सेनेका हात धरून नाचणाऱ्या तीन देवींच्या रिंगणाचा अर्थ लावतो: एक देते, एक घेते, एक परत करते, आणि रिंगण तुटले की सगळे बिघडले. आपल्याकडची आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे, कुणी किती घातले ते पाहून त्यांच्या घरच्या कार्याला जे तेवढेच घालतात, त्यांना सेनेका वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

करिंथमध्ये तर ही वही दगडात कोरलेली सापडते. 1929 मध्ये नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत एक लॅटिन लेख मिळाला. एरास्त नावाच्या माणसाने नगराचे अधिकारपद मिळाल्याबद्दल स्वतःच्या खर्चाने ती फरशी घातली, एवढाच मजकूर. पद घेतले, फरशी दिली, हिशेब मिटला. आता गंमत अशी, की पौलाने रोमकरांना पत्र लिहिले ते करिंथहून, आणि त्याच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त सलाम सांगतो. तोच का हा? काही अभ्यासक लेख दुसऱ्या शतकात ढकलतात. काहींना खजिनदार आणि फरशीवाला अधिकारी यांची पदे एक वाटत नाहीत. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. तरी नाव तसे फारसे आढळणारे नाही, आणि गाव तेच. मी एरास्ताला सोडायला तयार नाही. आणि माणसे दोन निघाली तरी माझे काही अडत नाही, कारण फरशी ज्या रीतीने घातली गेली ती रीत गावाचीच होती.

या गावात पौलाने एक चमत्कारिक गोष्ट केली. त्याने करिंथकरांचे पैसे घेतले नाहीत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत राहिला. फिलिप्पैकरांकडून आलेली मदत मात्र त्याने घेतली. करिंथकरांना हे झोंबले, आणि त्यांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांत त्याला त्याचा खुलासा करावा लागला. माझ्या मते कारण सरळ आहे: करिंथच्या श्रीमंताचा पैसा घेतला की त्याचा मिंधा झालात. सुवार्ता विकत घेतल्यासारखी झाली असती.

मग रोमकरांस पत्रात तो खारिसची व्याख्या मजुरीपासून तोडतो. काम करणाऱ्याला मिळते ती कृपा नव्हे, ते त्याचे येणे. देवाने ख्रिस्ताला दिले ते लायक माणसांसाठी नव्हे, तर पापी आणि वैरी असतानाच. रोमन शहाणपणाला हे तिडीक आणणारे होते. उपकार पात्र पाहून करावा, हा सिसेरोपासून चालत आलेला पाठ.

इथे प्रतिपक्ष उठून उभा राहतो, आणि तो सेनेकाच्याच ग्रंथातून. सूर्य दुष्टांवरही उगवतो, समुद्र चाच्यांनाही मोकळा असतो, असे सेनेका लिहितो. मग पौलाने नवीन काय केले? पण सेनेका पुढे कारण देतो ते वाचावे: काही देणग्या अशा असतात की सज्जनांना द्यायच्या तर दुर्जनांनाही मिळणारच, त्यांना वगळून देता येत नाहीत. म्हणजे चाच्यांना समुद्र मिळतो तो नाइलाजाने. पौलाचा देव नेमका वैऱ्यासाठी खर्च करतो. हा फरक मला पुरेसा वाटतो. पौलाने हा ग्रंथ वाचला असेल असे धरायला आधार नाही; तो करिंथच्या खटल्यानंतर लिहिला गेला. चौथ्या शतकात कुणीतरी दोघांचा 14 पत्रांचा पत्रव्यवहार रचून वाचकांची हौस भागवली. संत जेरोमने त्याची दखल घेतली, पुढे इरॅस्मसने तो बनावट ठरवला. पत्रे भिकार आहेत, पण ती रचणाऱ्याला माझ्याआधी हाच धागा दिसला होता, त्याबद्दल मला त्याच्याविषयी आपुलकी आहे.

खरा तगडा प्रतिपक्ष हिब्रू आहे. पौल यहुदी होता, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हिब्रू 'हेन'साठी खारिस शब्द आधीच आला होता. नोहाला देवापुढे लाभली ती हीच. तुमच्या नीतिमत्त्वामुळे हा देश तुम्हाला मिळत नाही, असे जुन्या करारातले 'अनुवाद' हे पुस्तक इस्राएलला बजावते. ई. पी. सँडर्स यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की यहुदी धर्मातही निवड आधी येते, आज्ञापालन नंतर. हे सगळे मान्य. अपात्रावर होणारी कृपा पौलाने घरूनच आणली. पण तिला धार लागली ती करिंथच्या दगडावर, जिथे प्रत्येक देणगीच्या मागे बिल येत असे. नाही तर तो एवढा चिडून मजुरीचा दाखला का देतो?

पुढची वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टिनने पेलाजियसशी भांडत कृपेला इच्छाशक्तीच्या आधी बसवले, 418 च्या कार्थेजच्या सभेने ते उचलून धरले, आणि ल्यूथरने त्यावर चर्च दुभंगले. 'फुकट' या अंगावर भर वाढत गेला तो या वाटेने. 2015 मध्ये जॉन बार्कले यांनी 'पॉल अँड द गिफ्ट' या ग्रंथात ब्रेक लावला: पौलाची कृपा लायकी न पाहता येते हे खरे, पण तिला परतफेडच नको असते हे खरे नाही; ती घेणाऱ्याला बांधते आणि बदलते. हे वाचून मी थोडा हिरमुसलो, कारण माझ्या सुरुंगाची वात निम्मी ओली झाली. तरी पुरावा बार्कले यांच्या बाजूने आहे, आणि तो करिंथकरांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करतो आणि तिला चक्क खारिस म्हणतो. देवाची कृपा, लोकांची वर्गणी आणि शेवटचे आभार, सगळ्याला तोच शब्द. रिंगण तुटले नाही. त्यात देव शिरला आणि फेड तिसऱ्याच माणसाकडे वळली.

ही वर्गणी स्वीकारली जावी म्हणून प्रार्थना करा, असे पौल रोमकरांना लिहितो. गरिबांसाठी आणलेला पैसा कुणी का नाकारील? 'प्रेषितांची कृत्ये' मध्ये तो यरुशलेमला पोचतो, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याला भेटतो, आणि पैशाबद्दल तिथे एक अक्षर नाही. उलट याकोब आणि वडीलमंडळी त्याला सांगतात, नवस केलेली चार माणसे आहेत, त्यांच्या मुंडणाचा खर्च तू कर. माझा कयास असा: परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्यांचा, पैसा सरळ हातात घेतला तर आपण त्यांचे ऋणाईत होऊ, हे याकोबाला कळत होते. म्हणून निदान थोडा पैसा त्याने नवसाच्या खात्यात वळवायला लावला आणि उरलेल्याबद्दल मौन पाळले.