बांध, साक्ष आणि शरणपूर

वाळवा तालुक्यात फौजदारी वकिली करायची तर तीन गोष्टी पक्क्या कळाव्या लागतात : बांध, भाऊबंद आणि साक्षीदार. आमच्या आष्ट्याच्या काळ्या रानात ऊस चांगला येतो. त्यामुळे जमिनीची बोलणी गुंठ्यावर होतात आणि नांगर बांधाला लागला की दोन घरांतले बोलणे बंद होते. पुढे एखाद्या दिवशी कुणाच्या तरी हातातले खोरे वर जाते. मारायचे होते की नुसते भेवडवायचे होते, यावर मग जुन्या दंड संहितेचे ३०२ (खून) की ३०४ (सदोष मनुष्यवध) हे ठरायचे आणि त्यावर माणसाचे उरलेले आयुष्य. इस्लामपूरच्या कोर्टात माझी हयात या एका प्रश्नात गेली.

थोरल्या भावाला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ठेवले होते, तेव्हा रात्री जागताना तिथले मराठी बायबल हाती लागले. येशूच्या गोष्टी शाळेत ऐकल्या होत्या, म्हणून वकिलाच्या सवयीने सरळ कायद्याच्या पानांवर गेलो. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचला आणि आमच्या कोर्टाचा बोर्डच वाचतोय असे वाटले. आधी खून आणि चुकून झालेला मृत्यू यांतला फरक. मग शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नये ही ताकीद. मग साक्षीदार : एकाच्या साक्षीवर कुणाला दोषी धरू नये, दोन किंवा तीन हवेत. आणि शेवटी, जगभर बदनाम झालेले ते कलम : डोळ्याबदल डोळा, दाताबदल दात.

हे कलम तिथे कुणाला लावले आहे, हे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. ते लावले आहे खोट्या साक्षीदाराला. शपथेवर खोटे बोलून भावाचे जे वाईट करायचे त्याने योजले असेल, तेवढेच त्याच्या वाट्याला यावे. आपल्याकडेही हा नियम होता आणि आहे. १८६० च्या दंड संहितेचे कलम १९४ काढून पाहा. खोट्या साक्षीमुळे निरपराध माणूस फाशी गेला, तर साक्ष देणाऱ्यालाही मृत्युदंड देता येतो. नव्या न्याय संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. फितूर साक्षीदार मी पोत्याने पाहिले, पण या कलमाखाली पिंजऱ्यात उभा राहिलेला एकही नाही.

हिब्रू कायद्यात डोळ्याचे कलम तीन ठिकाणी येते : निर्गम, लेवीय आणि अनुवाद. ते क्रूर वाटते, कारण आपण ते कायद्याशिवायच्या जगाशी ताडून पाहत नाही. त्याच बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा एक गडी आपल्या दोन बायकांपुढे फुशारकी मारतो : मला जखम केली म्हणून मी माणूस मारला, आणि माझा सूड सत्त्याहत्तर पट घेतला जाईल. वाळव्यातल्या भाऊबंदकीचे हिशेब ज्याने पाहिलेत, त्याला लामेख परका वाटणार नाही. एका बैलावरून दोन पिढ्या गेलेली घरे आपल्याकडे आहेत. त्या लामेखाला कायदा सांगतो : एकाला एक, पुढे नाही. तिथे डोळा फोडायचा हुकूम शोधू नये. एका डोळ्यापाशी थांबायचा हुकूम आहे.

बाबिलोनच्या हम्मुराबीचा शिलालेख इ.स.पू. १७५० च्या सुमाराचा, म्हणजे याहून बराच जुना. डोळ्याबदल डोळा त्यातही आहे, पण तो बड्या माणसाच्या डोळ्याला. सामान्याचा डोळा गेला तर चांदी मोजून सुटका, गुलामाचा गेला तर त्याच्या निम्म्या किमतीत. लेवीय पुस्तकात मात्र या कलमाच्या पाठोपाठच लिहिले आहे की परक्याला आणि गाववाल्याला कायदा एकच. गुलामाला माणूस मानण्याइतका तो समाज पुढे गेलेला नव्हता, तरी मालकाने गुलामाचा दात पाडला तर त्या दाताबदल गुलाम मोकळा सुटे. प्रमाणाचा काटा इथे मुद्दाम दुबळ्याच्या बाजूला झुकवला आहे.

पुढे ज्यू पंडितांनी डोळा प्रत्यक्ष फोडायची वेळच येऊ दिली नाही. इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात इजा करणाऱ्यावर पाच रकमा बसवल्या आहेत : अवयवाचे नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि झालेली बेअब्रू. पेठ नाक्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे लावताना आम्ही जवळपास हेच रकाने भरतो. फक्त बेअब्रूचा रकाना आमच्याकडे नाही.

आता माझ्या तालुक्याकडे येतो, कारण न्यायाचे माप चुकते कसे आणि सापडते कसे, हे या जिल्ह्याने एकाच दशकात दोन तऱ्हांनी पाहिले.

१९४२ च्या चळवळीनंतर जुन्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. नाना येडे मच्छिंद्रचे, याच वाळवा तालुक्यातले. १९४३ ते ४६ ही तीनेक वर्षे गावोगाव न्यायदान मंडळे चालली. जमिनीचे तंटे, सावकारी, नांदवण्याचे वाद, दारूचे गुत्ते, चळवळीच्या नावावर दरोडे घालणारे गुंड हे सगळे त्यांच्यापुढे येई. इंग्रजी कोर्टात पिढीभर लोंबकळणारा दावा गावच्या चावडीवर निकाली निघाला की लोकांना हायसे वाटे. आमचे वडीलधारे ते दिवस सांगताना आजही ताठ बसतात. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर काठीचे फटके मिळत. पायाला पत्री ठोकतात अशी वदंता झाली आणि ‘पत्री सरकार’ हेच नाव रूढ झाले.

या शिक्षेकडे मी भक्तीनेही पाहत नाही आणि नाक मुरडूनही पाहत नाही. भूमिगत सरकारला तुरुंग नसतो. तुरुंग नसला की शिक्षा शरीरावर येते, खिशावर येते किंवा अब्रूवर. मोशेच्या कायद्यातही कैद ही शिक्षा नाही. वाळवंटातून निघालेल्या टोळ्यांजवळ दगडी भिंती कुठून असणार? तिथेही दंड होता, फटके होते आणि देहांत होता. फरक फटके मोजण्यात आहे. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाधीशाने आरोपीला आपल्यासमोर पालथे पाडून मोजून फटके द्यायला लावावेत, आणि चाळीसच्या वर जाऊ नये, असे बजावले आहे. कारणही दिले आहे : त्याहून जास्त मारलेस तर तो तुझा भाऊ तुझ्याच डोळ्यांत तुच्छ होईल. मोजताना चूक होऊन एकेचाळिसावा पडू नये म्हणून पंडितांनी ही मर्यादा एकोणचाळिसावर आणली. प्रेषित पौलाने पाच वेळा एकोणचाळीस खाल्ले, असे तो स्वतःच लिहितो.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. फटके खाणाऱ्याला कायदा ‘भाऊ’ म्हणतो. शिक्षा चालू असताना तो समाजाबाहेर गेलेला नाही. इंग्रजांनी १८६४ साली फटक्यांचा कायदा केला, त्यातही वेताच्या फटक्यांना मर्यादा होती. पण तो माणूस कुणाचा भाऊ आहे याची नोंद त्यात कुठे नव्हती. हा प्रकार आपल्या पुस्तकांतून १९५५ साली गेला. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवले. बापाच्या पापासाठी लेकाला मारू नये, ज्याचे पाप त्याला, हा अनुवादातला नियम रोज बायबल वाचणाऱ्या साहेबांनी आमच्या रामोशी-पारध्यांना लावला नाही. तो कायदा १९५२ साली, स्वराज्यात रद्द झाला.

दुसरी तऱ्हा माणदेशातली. आटपाडी आज आमच्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा ती औंध संस्थानात होती. कुंडलही औंधचेच, आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे ठाणेही तिथलेच. इंग्रजी पोलिसांना संस्थानी हद्दीत हात आखडून वागावे लागे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कसायला जमीन आणि राहायला बायकामुले बरोबर. खुनाची सजा भोगणारी माणसे तिथे कुळासारखी शेती करू लागली.

ही कल्पना राजांच्या गळी उतरवणारा माणूस होता मॉरिस फ्रिडमन. वॉर्सात ज्यू घरात जन्मलेला विजेचा इंजिनिअर. म्हैसूर सरकारचा कारखाना चालवायला बंगळूरला आला, भगवी वस्त्रे घेऊन भारतानंद झाला आणि औंधच्या घटनेच्या कामात राबला. याच फ्रिडमनने पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली. मोशेच्या शरणपुरांवरून त्याला स्वतंत्रपूर सुचले, असा कागद माझ्यासमोर आला तर मी तो आधी तपासून घेईन. पुरावा नसताना असे विधान करणे माझ्या धंद्यात बसत नाही. पण दोन्ही योजना शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायाची सुरुवातच शरणपुरांनी होते. रानात लाकूड तोडताना दांड्यातून कुऱ्हाडीचे पाते निसटले आणि सोबत्याला लागून तो मेला, तर मारणाऱ्याने अशा नगरात पळून जावे. यार्देन नदीच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन, अशी सहा नगरे. तिथल्या वडीलधाऱ्यांनी वेशीत त्याचे म्हणणे ऐकावे, त्याला जागा द्यावी. मयताचा सूडकरी मागे आला तरी त्याला हवाली करू नये. मात्र महायाजक मरेपर्यंत त्या माणसाने हद्द ओलांडायची नाही. ओलांडली आणि सूडकऱ्याने गाठले, तर दाद नाही. म्हणजे आसराही होता आणि सजाही होती. जाणूनबुजून खून करणाऱ्याला तिथे थारा नव्हता, आणि श्रीमंताला पैसे भरून सुटताही येत नव्हते.

जाणूनबुजून खून करणाऱ्याच्या मुद्द्यावर स्वतंत्रपूर पुढे गेले. ठरवून मारणाऱ्यालाही त्याने जमीन दिली. बायबलातच याला एक दाखला आहे. पहिला खुनी काइन. देवाने त्याला गावाबाहेर घातले, पण कुणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. ग. दि. माडगूळकरांनी याच वसाहतीवरून ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली; ते माडगूळचे, म्हणजे आटपाडीच्याच मुलखातले. व्ही. शांतारामबापूंचा तो चित्रपट १९५७ साली आला आणि बर्लिनला गाजला. त्यात सारे काही एका जेलरच्या डोळ्यांतल्या जरबेवर चालते. चित्रपटाला ते शोभते, पण वसाहत एका माणसाच्या नजरेवर टिकत नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले, राजे गेले, फ्रिडमन गेला. स्वतंत्रपूर मात्र सरकारी तुरुंग खात्याची मुक्त वसाहत म्हणून राहिले, कारण दयेला तिथे जमीन, नियम आणि हजेरीपट मिळाला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. दया ही न्यायाधीशाच्या मनःस्थितीवर सोडली की ती वशिल्याच्या माणसाला मिळते. कायद्यात लिहिली की कुऱ्हाड निसटलेल्या लाकूडतोड्याला मिळते. चाळीस फटक्यांची मर्यादा, गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळायच्या आत गरिबाला परत देणे, सहा शरणपुरे या सगळ्या दयेच्या तरतुदी आहेत, आणि त्या शिक्षेच्या कलमांच्या मांडीला मांडी लावून बसल्या आहेत.

आजही आमच्या गावाला वेशीतल्या वडीलधाऱ्यांचे काम करावे लागते. कैदी संचित रजेचा किंवा अभिवचन रजेचा अर्ज करतो, तेव्हा अहवाल त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडून मागवतात. पोलीस गावात चौकशी करतात. ‘आला तर शांतता बिघडेल’ हे वाक्य सांगायला फार सोपे असते, आणि त्या एका वाक्यावर आईच्या आजारपणाला येऊ पाहणारा माणूस कळंब्याच्या तुरुंगातच राहतो. कधी ते वाक्य खरेही असते; मयताच्या घरची विधवा समोरच्याच आळीत राहत असते आणि तिची भीती खोटी नसते. म्हणूनच अनुवादाने दोन्ही कामे सांगितली आहेत : सूडकऱ्यापासून वाचवणे, आणि शरणपुराकडे जाणारे रस्ते बांधून ठेवणे. विधवेला विचारावे, तिच्या दारापासून त्याला लांब ठेवायची अट घालावी, जामीन राहणारे दोन पाहुणे शोधावेत, आणि मग अहवालावर सही करावी. गावात रस्ता नसतो तेव्हा तो गावानेच करायचा असतो, आणि या कामाला कोर्टाच्या हुकुमाची गरज नाही.