ड्राय मेनर इम श्ने (कादंबरी)

'ड्राय मेनर इम श्ने' (अर्थ: 'बर्फातील तीन माणसे') ही जर्मन लेखक एरिश केस्टनर (१८९९–१९७४) यांची विनोदी प्रेमकादंबरी आहे. ती १९३४ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे प्रकाशित झाली. आल्प्स पर्वतातील एका आलिशान हॉटेलात हिवाळी मुक्कामाच्या काळात तिचे कथानक घडते.

पार्श्वभूमी

'एमिल उंड डी डिटेक्टिव्ह' (१९२९) या बालकादंबरीमुळे केस्टनर यांचे नाव सर्वदूर झाले होते. नाझी सत्तेवर आल्यानंतर १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये जी पुस्तके जाळण्यात आली, त्यांत केस्टनर यांचीही पुस्तके होती. त्या वेळी ते स्वतः गर्दीत उभे होते. जर्मनीत लेखनाची वाट बंद झाली, तरी त्यांनी देश सोडला नाही. ही कादंबरी त्यामुळेच परदेशी प्रकाशित झाली. तिच्यात राजकारणाचा थेट उल्लेख नाही. तथापि बेकारीची झळ आणि पैशापुढे झुकणारी माणसे तिच्या विनोदाच्या मुळाशी आहेत.

कथानक

कोट्यधीश उद्योगपती टोबलर हे आपल्याच कंपनीच्या स्पर्धेत 'शुल्झे' या खोट्या नावाने भाग घेतात आणि दुसरे बक्षीस मिळवतात. लोक गरिबाशी कसे वागतात हे पाहण्यासाठी ते जुनेपाने कपडे घालून बक्षिसाच्या सहलीला निघतात. त्यांचा नोकर योहान मात्र श्रीमंत प्रवासी म्हणून सोबत जातो. वडिलांच्या काळजीने कन्या हिल्डे हॉटेलला आगाऊ सूचना देते. पण पहिले बक्षीस मिळवणारा बेकार तरुण हागेडोर्न हाच वेषांतरित कोट्यधीश, असा हॉटेलचा समज होतो. त्याला उत्तम खोली आणि सयामी मांजरे मिळतात; खऱ्या कोट्यधीशाच्या वाट्याला माळ्यावरची थंडगार खोली आणि बर्फ झाडण्याचे काम येते. तरीही तिघांची मैत्री जमते व ते मिळून हिममानव उभारतात. पुढे हिल्डे तेथे येते आणि ती व हागेडोर्न परस्परांच्या प्रेमात पडतात. अपमानाची परतफेड करण्यासाठी टोबलर हॉटेल विकत घेऊ पाहतात, तेव्हा ते आधीपासूनच त्यांच्या मालकीचे असल्याचे उघड होते.

रूपांतरे

या कादंबरीवर अनेक चित्रपट निघाले. 'पॅराडाइज फॉर थ्री' हा अमेरिकी चित्रपट १९३८ साली प्रदर्शित झाला. कुर्ट होफमान दिग्दर्शित १९५५ च्या चित्रपटाची पटकथा स्वतः केस्टनर यांनी लिहिली.