मालक कोण? माथाडी कायद्याची गोष्ट

१/ नवी मुंबईतील पावणे-तुर्भे परिसरात गोदामांतून पोती वाहणारा माथाडी आज नोंदणीकृत कामगार असतो. ही ओळख त्याच्या प्रतिनिधींनी झगडून मिळवली.

२/ पूर्वी मुंबईच्या घाऊक बाजारात हमाल आज एका पेढीवर, तर उद्या दुसऱ्या पेढीवर राबे. मजुरी टोळीच्या मुकादमाहाती. अपघात झाला, तर ‘हा आमचा नोकर नव्हे’ म्हणून व्यापारी मोकळा होई.

३/ साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी स्वतः हमाली केली होती. त्यांनी विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या. प्रश्न केवळ मजुरीचा नव्हता. जबाबदारी कोणाची, हा होता.

४/ १९६९च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले. मालक व कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही द्यायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा. मंडळावर शासनाच्या सदस्यांसोबत मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान.

५/ एक मालक दाखवता येत नव्हता, म्हणून सर्वांनाच जबाबदार धरले गेले. अ‍ॅपवरून पार्सल पोहोचवणाऱ्या आजच्या तरुणांपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा आहे.