कार्ड काढण्याआधीचा प्रवास

चाकणला नोकरी करणारा आमचा एक मित्र ट्रेनिंगसाठी दोनदा जर्मनीला जाऊन आला. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, अरे, विमान कंपनीचं कार्ड काढ, माइल्स जमतात. यानं काढलं आणि आधीच्या दोन फेऱ्यांचेही माइल्स मागितले. उत्तर आलं, तेव्हा तुम्ही सदस्य नव्हता!

आता इतिहास बघा. अमेरिकन एअरलाइन्सनं आपली माइल्सची योजना १ मे १९८१ ला सुरू केली. पहिले सदस्य शोधले कसे? बुकिंगच्या कॉम्प्युटरमधून पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर काढून. असे सुमारे १ लाख ३० हजार प्रवासी आणि त्यांच्या क्लबचे ६० हजार जण अर्ज न करताच सदस्य झाले. म्हणजे योजनेचा पायाच जुन्या प्रवासावर!

आज काही कंपन्या सदस्य होण्याआधीच्या मोजक्या दिवसांचा प्रवास धरतात, काही अजिबात धरत नाहीत. मागायला गेलात तर तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास लागतो. आपण तो विमानतळावरच टाकून येतो.

माइल्स गेले तर फार बिघडत नाही. पण आपल्या एमआयडीसीत हाच प्रश्न पोटाचा आहे. कंत्राटात सात-आठ वर्षं घासलेल्या पोराची सर्व्हिस कायम झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. आधीची वर्षं कुणाच्या खात्यात? ती मागायची तर पुरावा आपल्याकडेच हवा. म्हणून सांगतो, जुना गेटपास, पगाराची स्लिप, पीएफ नंबर जपून ठेवा. आजच एका पिशवीत घाला.