एकसरचे वीरगळ आणि ठाण्याच्या शिलाहारांचा शेवट

बोरिवलीनजीक एकसर येथें असलेले सहा वीरगळ संशोधकांस नवीन नाहींत. इ. स. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांचें सविस्तर वर्णन आलें आहे. एकसर गांव त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. परंतु ज्या बारकाईनें आपण ताम्रपटाचें अक्षर न् अक्षर तपासतों, त्या बारकाईनें दगडावरील चित्र क्वचितच वाचलें जातें.

पहिल्या दोन शिळांवर जमिनीवरील लढाई आहे; पुढें समुद्र लागतो. तिसऱ्या शिळेच्या तळच्या पट्ट्यांत पांच जहाजें युद्धास निघालीं आहेत. टोकें उंच व निमुळतीं, मध्यें डोलकाठी, बाजूस नऊ वल्ह्यांची ओळ आणि वर तिरंदाज. त्यावरील पट्ट्यांत चार जहाजांनीं एका मोठ्या जहाजास घेरलें असून त्यावरचीं माणसें पाण्यांत पडत आहेत. सर्वांत वर, वीरगळांच्या नेहमींच्या रीतीप्रमाणें, शिवाची उपासना व वीरांचें कैलासगमन. शिल्पकाराचें लक्ष वल्ह्यांवर आहे हें उघड दिसतें. ज्यानें ठाण्याची खाडी पाहिली असेल, त्यास याचें नवल वाटणार नाहीं. तेथें पाणी अरुंद, भरती-ओहोटीचा जोर फार, आणि वाऱ्याचा भरवसा धरून लढतां येत नाहीं.

ही लढाई कोणती? शिळांवर वाचतां येईल असा लेख नाहीं. हेन्री कझिन्स यांनीं या चित्रांचा संबंध यादव महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या झगड्याशीं जोडिला. हेमाद्रीच्या राजप्रशस्तींत सोमेश्वर जमिनीवर हरून जहाजांच्या आश्रयास गेला व समुद्रांत बुडाला असें वर्णन आहे. कालाचा मेळही बसतो. सोमेश्वराचे रानवड व चांजे येथील लेख अनुक्रमें शके ११८१ व ११८२ चे, महादेव इ. स. १२६१ च्या सुमारास गादीवर आला, आणि इ. स. १२७२ च्या ठाणें ताम्रपटांत यादव रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक कोंकणचा कारभार पाहतांना दिसतो.

कझिन्स यांचें मत आम्हांस ग्राह्य वाटतें; मात्र त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. वीरगळ हा पडलेल्या वीराचा असतो, आणि चित्रांत तर घेरणाऱ्यांची सरशी आहे. तेव्हां हीं स्मारकें जिंकणाऱ्या पक्षाकडील मृतांचीं असावींत. जिंकणारे यादव म्हणावे, तर देवगिरीस समुद्र कोठला? जहाजें व वल्हेकरी किनाऱ्यावरचेच असणार, आणि त्यांतील कित्येक कालपर्यंत सोमेश्वराचेंच मीठ खाणारे असण्याचा संभव आहे. हेमाद्रि पडला दरबारी ग्रंथकार; त्याच्या स्तुतींत सोमेश्वराचें सैन्य महादेवाच्या हत्तींच्या मदाच्या नद्यांत बुडतें! दगडावर मात्र वल्हीं आहेत.

या अनुमानास बळकटी यावयाची ती दुसऱ्या शिळांवरूनच येईल. ठाणें, कल्याण व भिवंडी या टापूंतील वीरगळांचे छाप घेणाऱ्यांनीं तळचा पट्टा आधीं मोकळा करावा. बहुधा तोच मातींत गाडलेला किंवा शेंदरानें बुजलेला असतो, आणि लढाईचें चित्र तेथूनच सुरू होतें.